अदृश्य किरण आणि तांब्याचा पत्रा

रेडिओ, संगणक किंवा विजेवर चालणारें घरांतील एखादें साधें घड्याळ उघडून पाहिलें, तर आंत एक हिरवट पाटी आढळते आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघांचें जाळें पसरलेलें दिसतें. हीच मुद्रित विद्युत्मंडलाची पाटी होय. व्यवहारांत तिला सर्किट बोर्ड म्हणतात. अशा पाट्या आज मोठमोठ्या कारखान्यांत तयार होतात हें खरें. तथापि स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारीं दोन पसरट भांडीं मांडून ती घरींच करणारे हौशी तरुणही पुष्कळ आहेत. त्यांच्या बोलण्यांत एक प्रश्न वारंवार येतो: पाटीस प्रकाश कोणता द्यावा आणि किती वेळ द्यावा? वरवर पाहतां प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या पोटांत दोनशें वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें त्या इतिहासाचें सार एवढेंच कीं, मनुष्यास प्रकाश कधींच कमी पडला नाहीं. कमी पडलें तें त्याचें माप.

प्रथम ही कृति थोडक्यांत सांगितली पाहिजे. वीज न वाहणाऱ्या पत्र्यावर तांब्याचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असतो. त्यावर प्रकाशानें पालटणाऱ्या रसायनाचा लेप असतो. त्या लेपावर, पारदर्शक कागदावर काळ्या शाईनें छापलेली आकृति ठेवून वरून कांच दाबतात आणि प्रकाश देतात. कांहीं लेप प्रकाश लागल्यानें टणक होतात, कांहीं उलट विरघळण्याजोगे होतात. त्याप्रमाणें आकृतींतील काळें व कोरें ठरवावें लागतें. पुढें सौम्य क्षारजलांत धुतलें म्हणजे नको तेथील लेप निघून जातो, आणि उघडें पडलेलें तांबें फेरिक क्लोराईडच्या द्रावणांत विरघळतें. लेपाच्या आश्रयानें वांचलेल्या रेघा तेवढ्या शिल्लक राहतात. प्रकाश कमी पडला तर लेप अर्धवट पालटतो; अधिक झाला तर तो शाईच्या कडेखालीं शिरून रेघांचा नेमकेपणा बिघडवितो. आणि हा प्रकाश मुख्यतः डोळ्यांस न दिसणारा, म्हणजे अतिनील किरणांचा. जी वस्तु दिसत नाहीं ती मापावी कशी, हीच सारी अडचण.

ह्या किरणांचा शोधही त्यांच्या खुणेवरूनच लागला. १८०० सालीं विल्यम हर्षेल यांनीं सूर्याच्या रंगपटांत तांबड्या रंगापलीकडे उष्ण किरण असल्याचें दाखविलें. तें वाचून जर्मनींतील येना येथील योहान विल्हेल्म रिटर या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या मनांत आलें कीं, एका टोकाला असें कांहीं आहे तर दुसऱ्या टोकालाही असावें. १८०१ सालीं त्यानें रौप्य क्लोराईड लोलकाच्या रंगपटांत धरलें. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस केवळ अंधार दिसत होता, तेथेंच तें सर्वांत लवकर काळें पडलें. रिटर अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं, १८१० सालीं, निवर्तला. त्याच्या हातीं किरण आला होता. त्याचा उपयोग दुसऱ्यांनीं केला.

हा उपयोग प्रथम करणारा पुरुष म्हणजे फ्रान्सचा निसेफोर निएप्स. ज्यूडियाचें डांबर लव्हेंडरच्या तेलांत विरघळवून त्याचा लेप दिला असतां जेथें ऊन लागेल तेथें तो टणक होतो, हें त्याच्या ध्यानीं आलें. १८२६ सालच्या सुमारास त्यानें कार्डिनल दांब्वाज याचें एक छापील चित्र तेलकट करून पारदर्शक केलें, कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर ठेवलें आणि तें उन्हांत ठेवून दिलें. रेघांच्या सावलीखालचा लेप धुऊन गेला, उघडी पडलेली धातू अम्लानें खाल्ली आणि छपाईचा पत्रा तयार झाला. वाचकांनीं हें वर्णन वर सांगितलेल्या कृतीशीं ताडून पाहावें. कागद, कांच, लेप, ऊन, धुणें आणि अम्ल. सर्व कांहीं तेंच! आज मुंबईंतील एखादा विद्यार्थी गच्चीवर पाटी ठेवून घड्याळाकडे पाहत बसतो, तेव्हां तो नकळत निएप्सचीच कृति करीत असतो. भेद इतकाच कीं, निएप्सला कित्येक तास लागत, आणि ते नेमके किती लागतील हें त्याला आधीं सांगतां येत नसे.

लेप अधिक चपळ करण्याचें काम पुढच्या पिढीनें केलें. स्कॉटलंडचा मंगो पाँटन यानें १८३९ सालीं पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद उन्हानें पालटतो असें दाखविलें आणि पेटंट न घेतां तें सर्वांस खुलें केलें. हेन्री फॉक्स टॅलबट यानें सरस आणि डायक्रोमेट यांचा लेप धातूवर देऊन ठसे कोरण्याची रीत १८५२ सालीं पेटंटांत नोंदविली. १८५८ च्या सुधारलेल्या रीतींत पत्रा खाण्यासाठीं त्यानें फेरिक क्लोराईड वापरलें. घरगुती पाट्यांच्या भांड्यांत आज जें तपकिरी पाणी दिसतें, त्याची वंशावळ अशी टॅलबटपर्यंत जाते.

ह्याच विद्येवर पुढें नकाशे व चित्रें छापण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला, आणि तिचे धागे आमच्या प्रांतापर्यंत येऊन पोहोंचले. पुण्याचा सरकारी फोटोझिंको छापखाना आपल्या नांवांतच प्रकाश व जस्त यांचा संबंध सांगतो. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपट काढण्यापूर्वीं ठसे करण्याचा व छपाईचा धंदा केला होता, आणि १९०९ सालीं ते त्याच विद्येसाठीं जर्मनीस गेले होते. आमच्या मासिकांतून जीं चित्रें घरोघर पोहोंचलीं, त्यांचे ठसे प्रकाशानेंच पत्र्यावर उमटविलेले असत.

परंतु ऊन हा लहरी कारागीर. ज्येष्ठांतील दुपार आणि मार्गशीर्षांतील सकाळ ह्यांच्या उन्हांत महदंतर आहे. सूर्य कलला तरी आपल्या डोळ्यांस उजेड फारसा कमी वाटत नाहीं. अतिनील किरण मात्र झपाट्यानें घटलेले असतात. एखादा ढग आला कीं गणितच फसतें. आणि आषाढांत तर काम बंदच ठेवावें लागेल! म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापखान्यांनीं कोळशाच्या कांड्यांमध्यें पेटणारा विजेचा कमानदिवा जवळ केला. त्याला राख, धूर आणि चरचराट होता. पण तो रात्रींही जळे आणि पावसाळ्यांतही जळे. १९०१ सालीं अमेरिकेंत पीटर कूपर ह्युइट यांनीं पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचें पेटंट मिळविलें. पाऱ्याची वाफ कांहीं ठराविक तरंगलांबींवरच प्रखरतेनें प्रकाशते, आणि त्यांपैकीं ३६५, ४०५ व ४३६ नॅनोमीटरच्या रेषा लेपांस मानवणाऱ्या ठरल्या. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. सूर्य सर्व रंगांचा दाता. पारा मोजकें देणारा, पण कामास हवें तें देणारा.

एथवर ही विद्या चित्रांची होती. ती विजेच्या यंत्रांकडे वळविणारा पुरुष म्हणजे पाउल आइस्लर. १९०७ सालीं व्हिएन्ना येथें जन्मलेला हा ज्यू अभियंता १९३६ सालीं इंग्लंडांत आला. छपाईच्या धंद्यांत कांहीं काळ काढल्यानें तारांचें जाळें हातानें जोडण्याऐवजीं तें छापतां येईल असें त्याला सुचलें, आणि लंडनच्या हॅम्पस्टेड भागांतील आपल्या भाड्याच्या खोलींत त्यानें तशा बांधणीचा एक रेडिओ तयार केला. तो दाखविला असतां एका कारखान्यानें त्यास सांगितलें कीं, मुलींच्या हातून तारा जोडून घेणें अधिक स्वस्त पडतें. युद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून १९४० सालीं त्यास स्थानबद्धही करण्यांत आलें. सुटका झाल्यावर एका शिलाछपाईच्या व्यवसायाच्या आश्रयानें त्यानें आपली कल्पना पुढें नेली व १९४३ सालीं पेटंटाचा अर्ज केला. अमेरिकेंतील न्यायालयांत पुढें त्याचा हक्क टिकला नाहीं. तो १९९२ सालीं वारला. ज्या वस्तूवांचून आज बहुतेक विद्युत्यंत्रें चालत नाहींत, तिचा जन्म एका निर्वासिताच्या खोलींत व्हावा, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. घरगुती पाटी ही कारखान्याची नक्कल नव्हे. कारखाना हाच घरगुती पाटीचा वंशज होय.

युद्धोत्तर काळांत लेपांत मोठी सुधारणा झाली. अमेरिकेंत कोडॅकच्या लुई मिन्स्क यांनीं डायक्रोमेटवांचून टणक होणारा लेप सिद्ध केला. जर्मनींत काले या संस्थेंतील ओस्कार झ्युस यांनीं प्रकाशानें विरघळण्याजोगा होणारा लेप छपाईच्या पत्र्यांसाठीं शोधून काढला. लेप असे शहाणे व टिकाऊ झाल्यावर प्रकाशही घरांत बसेल असा हवा होता. तो प्रथम आला निळसर अतिनील नळ्यांच्या रूपानें. तिच्यांतील पाऱ्याचे तीव्र किरण कांचेवरील भुकटी शोषून घेते व सुमारें ३५० ते ३७० नॅनोमीटरचे सौम्य किरण बाहेर टाकते. पुढें नखांवरील रंग वाळविण्याच्या डब्या, आणि शेवटीं प्रकाशक डायोड. १९९३ सालीं जपानांत शुजी नाकामुरा यांनीं प्रखर निळा डायोड केला. त्याच गॅलियम नायट्राईडच्या घराण्यांतून ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचे डायोड निघाले, आणि निएप्सचा सूर्य एका खोक्यांत मावूं लागला.

येथें एका सावधगिरीची गोष्ट सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. किरण दिसत नाहीं म्हणजे तो निरुपद्रवी असें नव्हे. जंतू मारण्यासाठीं वापरतात त्या २५४ नॅनोमीटरच्या दिव्यानें डोळे व कातडी भाजते, आणि दुखणें कांहीं तासांनीं कळून येतें. शिवाय साधी कांच हे किरण अडवीत असल्यानें कांचेखालच्या पाटीस त्यांचा लाभ तर नाहींच. पाऱ्याच्या दिव्याची बाहेरची कांच फोडून काम साधणारेही आढळतात. त्यांनीं तो उद्योग सोडून द्यावा हेंच बरें.

मग माप कसें ठरवावें? त्यासाठीं एक टाकाऊ तुकडा पुरतो. त्यावर पुठ्ठा ठेवून तो दर मिनिटास बोटभर सरकवावा, आणि धुतल्यावर कोणता पट्टा निर्मळ उतरला तें पाहावें. आम्हीं एकदां एकाच दिवशीं हा प्रयोग उन्हांत आणि नळीखालीं करून पाहिला. नळीखालचा पट्टा सकाळीं व संध्याकाळीं तोच निघाला. उन्हाचा पट्टा मात्र प्रत्येक खेपेस जागा बदलीत होता. तेव्हां दिव्यासाठीं मोजलेले रुपये हे प्रकाशाची किंमत नसून निश्चितीची किंमत आहेत, हें आमच्या मनांत पक्कें ठसलें.

ऊन आजही फुकट आहे आणि त्यानेंही पाटी उत्तम होते. दिवा नाहीं म्हणून कोणीं हात आंवरून बसूं नये. परंतु दोनशें वर्षांच्या खटपटीनें जें मिळविलें तें वाट पाहण्यापासून सुटका, एवढेंच नव्हे; आपली चूक पुन्हां तपासून पाहण्याची सोयही त्यांत आली. ज्या विद्येंत चूक तपासतां येते तीच विद्या एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातांत जाते. आणि म्हणूनच ती आज आपल्या ओट्याशेजारीं येऊन बसली आहे.