फिल्म गेली, घडण राहिली

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर रसायनांचे मोठे कारखाने उभे होते. सँडोझचा (१९९५नंतर क्लॅरियंटचा) रंगद्रव्यांचा आणि बायरचा कीटकनाशके व रबर-रसायनांचा. आज त्या जमिनींवर निवासी मनोरे दिसतात. डिजिटल कॅमेऱ्याच्या घडणीविषयी लिहिताना आम्ही या रस्त्यापासून आरंभ करतो, त्याला कारण आहे. ज्या बायरचा कारखाना येथे होता, तिचीच ‘अ‍ॅग्फा’ ही १९५२पासून उपकंपनी होती. आणि अ‍ॅग्फा हे नावच मुळी अ‍ॅनिलिन रंग बनवणाऱ्या बर्लिनच्या जुन्या कंपनीच्या आद्याक्षरांचे. चांदीचे क्षार स्वभावतः निळ्या प्रकाशालाच ओळखतात. हिरवा आणि तांबडा त्यांना दिसावा म्हणून फिल्मवर विशिष्ट रंगद्रव्ये चढवावी लागतात. कोलशेतला फिल्म बनत होती असे आमचे म्हणणे नाही. पण छायाचित्रणाचे माहेर रंग-रसायनांच्या याच कुळात होते.

हे कूळ डिजिटल कॅमेऱ्याने संपवले. शरीर मात्र संपवले नाही. आमच्या कुतूहलाचा विषय हा आहे.

बाराखन एक्स्पोजरची १२० फिल्म घेणारा ‘अ‍ॅग्फा क्लिक-३’ अनेक मराठी घरांच्या कपाटात असे. तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होई. त्याच्यावर जुळवण्यासारखे फार काही नव्हते: ऊन आणि ढग यांची चित्रे, फिल्म पुढे सरकवण्याची कळ, आणि मागे क्रमांक पाहण्यासाठी लाल खिडकी. अक्षरज्ञान नसले तरी चालावे अशी ती योजना. आता कोणत्याही साध्या डिजिटल एस.एल.आर.ची मोड डायल पाहावी. एका बाजूस डोंगर, चेहरा, धावणारा माणूस. दुसऱ्या बाजूस रोमन अक्षरे. एकाच चकतीवर दोन वाचकवर्ग! चित्रांची बाजू क्लिकसारख्या पेटी-कॅमेऱ्यांची वारस, अक्षरांची बाजू जाणकारांच्या कॅमेऱ्यांची. आणि अक्षरांतही पाठभेद आहेतच: शटरचा वेग हाती ठेवण्याच्या पद्धतीला निकॉन ‘एस’ म्हणते, कॅनन ‘टीव्ही’. (दूरचित्रवाणीशी त्याचा संबंध नाही, तो ‘टाइम व्हॅल्यू’चा संक्षेप.)

शरीराच्या आकाराचे मूळ १९२५मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडल्या गेलेल्या लायकात आहे. ओस्कर बर्नाकने सिनेमाची ३५ मि.मी. फिल्म आडवी चालवली. डावीकडे फिल्मची डबी, उजवीकडे ती गुंडाळणारे रीळ, मध्ये भिंग. म्हणून शरीर लांबट. गुंडाळण्याची चकती आणि शटरचे बटण उजव्या हाताला. पुढच्या पिढ्यांनी हीच मांडणी स्वीकारली. संवेदकाला ना डबी लागते ना रीळ. तरी डिजिटल एस.एल.आर. लांबटच राहिला, आणि रिळाच्या बाजूच्या पकडीत बॅटरी जाऊन बसली. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नसावा. छापखाना आल्यावरही आपल्याकडे पोथ्या सुट्या, आडव्या पानांवरच छापल्या जात राहिल्या. ताडपत्राची रुंदी पानांनी जपली, तशी रिळाची लांबी कॅमेऱ्याने जपली.

पण पोथीचा आडवा आकार वाचकाच्या सवयीसाठी होता, तसाच कॅमेऱ्याचाही केवळ जडत्वाने टिकला का? आमच्या मते, नाही. १९७५मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी बांधलेले पहिले यंत्र सुमारे साडेतीन किलोंचे होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेई. त्याच्या घडणीत हाताचा विचार नव्हता. कोडॅकने १९९१मध्ये व्यावसायिकांसाठी डी.सी.एस. आणला, तेव्हा शरीर निकॉन एफ-३चेच घेतले, संग्राहक मात्र खांद्याला लटकवला. १९९५चा कॅसिओ क्यू.व्ही.-१० वळणारे भिंग आणि पाठीवरचा पडदा घेऊन आला. म्हणजे आकार मोकळा झाला होता. तरीही व्यावसायिकाचे शरीर जुन्याच मार्गाने गेले. ते शहाणपण १९८६च्या कॅनन टी-९०चे: लुइगी कोलानीच्या गोलाईचा हा कॅमेरा तर्जनीखाली एक डायल घेऊन आला, आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता छिद्र व वेग बदलता येऊ लागले. कोलशेतच्या खाडीकाठी मावळत्या उजेडात, पलीकडच्या काल्हेरकडे उडत निघालेल्या बगळ्याचा माग काढताना या डायलचे मोल कळते; पडद्यावरच्या यादीत बोट फिरवेपर्यंत बगळा थांबत नाही.

फुजीफिल्मचा एक्स-१०० (२०११) किंवा निकॉनचा डी.एफ. (२०१३) यांच्या धातूच्या चकत्यांना स्मरणरंजन म्हणून हिणवले जाते. थोडे खरेही आहे. परंतु कॅमेरा बंद असतानाही शटरचा वेग किती ते नुसत्या नजरेने वाचता येणे, ही सोय खोटी नाही.

खोटा आहे तो उजव्या हाताचा नैसर्गिकपणा. १९३६मध्ये ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने काढलेला ‘किने एक्झाक्टा’ हा ३५ मि.मी.चा एस.एल.आर. होता, आणि त्याचे शटरचे बटण व फिल्म ओढण्याची कळ दोन्ही डाव्या बाजूला होती. लोकांनी त्याने उत्तम छायाचित्रे काढली. म्हणजे डावा हात छायाचित्रणाला अपात्र नव्हता. मांडणीने त्याला भिंग तोलण्याचे काम दिले एवढेच. संवेदक आला तेव्हा फिल्मने घातलेले सर्व निर्बंध सुटले होते. डावखुऱ्यासाठी उलटी घडण आता यांत्रिक अडचण नव्हती. तरीही निकॉन, कॅनन यांच्या प्रमुख मालिका उजव्या हातानेच चालतात.

अ‍ॅग्फाने आपला ग्राहकांसाठीचा छायाचित्रण-विभाग नोव्हेंबर २००४मध्ये अ‍ॅग्फाफोटो म्हणून वेगळा केला. मे २००५मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.