होम थिएटर संगणक
दूरचित्रवाणी संचाला एचडीएमआय केबलने जोडलेला, थेट वाहिन्या आणि इंटरनेटवरील कार्यक्रम एकाच पडद्यावर दाखवणारा संगणक. त्यावर बहुधा ‘कोडी’ ही मुक्त प्रणाली चालवतात. तिचा उगम एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठीच्या प्रणालीत आहे.

परतूरसारख्या (जि. जालना) गावी थेट वाहिन्यांचा सोपा स्रोत म्हणजे दूरदर्शनने २००४ मध्ये सुरू केलेली, मासिक शुल्क नसलेली सेवा, आजची ‘फ्री डिश’. तिचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५° पूर्व रेखांशावर असल्याने येथे छत्री आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ६०° वर रोखावी लागते. छत्रीची केबल सेट टॉप बॉक्सऐवजी संगणकाच्या डीव्हीबी-एस२ ट्यूनर कार्डात जाते. ‘टीव्हीहेडएंड’ ही प्रणाली वाहिन्या शोधते, कार्यक्रम मुद्रित करते आणि कोडीला पुरवते. सह्याद्री वाहिनी अशी मिळते. सशुल्क डीटीएचच्या वाहिन्या मात्र सांकेतिक असल्याने कार्डाला उलगडत नाहीत. मुसळधार पावसात केयू पट्ट्यातील संकेत क्षीण होऊन चित्र तुटते. मग इंटरनेट कामी येते, अर्थात वीज असेल तर. अनेक ओटीटी सेवा संगणकावर चित्राची स्पष्टता मर्यादित ठेवतात. केवळ त्याच पाहणाऱ्याने हा खटाटोप करू नये, स्वस्त टीव्ही स्टिक पुरते.