सिलिकॉनचा डोळा

शाळेत डोळा शिकवताना बाईंनी फळ्यावर शेजारीच कॅमेरा काढला होता. नेत्रभिंग म्हणजे लेन्स, दृष्टिपटल म्हणजे फिल्म. संपलं! ते उत्तर किती अर्धवट होतं हे मला मिशा माहोवाल्डबद्दल वाचताना कळलं. (मराठी डोळ्यांना हे नाव जरा खटकतं खरं. असो.)

अमेरिकेतल्या कॅल्टेकमध्ये ती शिकली जीवशास्त्र, आणि जाऊन पोचली कार्व्हर मीडच्या प्रयोगशाळेत. मीड म्हणजे चिप डिझाइनमधला बाप माणूस, 'मूर्स लॉ' हे नाव रूढ करणारा. १९८८ साली या दोघांनी सिलिकॉनच्या दृष्टिपटलावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

आता गंमत बघा. आपल्या एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास, आणि मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० लाख. म्हणजे फोटो जसाच्या तसा पाठवायची सोयच नाही. मग पडद्यामागच्या पेशी आजूबाजूच्या उजेडाची सरासरी काढतात, आणि एखादा ठिपका त्या सरासरीपेक्षा किती वेगळा आहे, ही बातमी मुख्यतः पुढे जाते. गल्लीतल्या बातम्यांसारखंच. सगळं रोजच्यासारखं असेल तर कोण कशाला सांगत बसतंय?

माहोवाल्ड आणि मीडने हेच चिपवर उतरवलं. प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांशी रोधांच्या जाळीने जोडलेला. त्या जाळीतच सरासरी निघते, वेगळा हिशोब करावा लागत नाही. ट्रान्झिस्टरही चालवले ते इतक्या कमी व्होल्टेजवर, की डिजिटलवाला त्याला 'बंद' म्हणेल. नीट न मिटलेल्या नळातून ठिबकावं तेवढाच करंट. पण त्या ठिबकण्यालाही नियम आहे, आणि मीडला तोच हवा होता.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. काळ्या पार्श्वभूमीवरचा राखाडी चौकोन आपल्याला उजळ दिसतो, पांढऱ्यावर तोच गडद. आपण याला नजरेची फसगत म्हणतो. ही चिपसुद्धा तशीच फसली! तिला कुणी फसायला शिकवलं नव्हतं. शेजाऱ्यांशी तुलना करून बघायचं म्हटलं की हे ओघानेच आलं.

उत्पादन म्हणून चिप कच्चीच होती. दोन ट्रान्झिस्टर कधी तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे चित्रात खरखर फार. माहोवाल्डने १९९२ मध्ये पीएचडी पूर्ण केली, मग ऑक्सफर्ड, मग झुरिक. १९९६ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. का, याचे तर्क मी इथे करणार नाही. हे वाचलं त्या रात्री मात्र पुढचं काही वाचवलं नाही.

त्याच झुरिकमध्ये मीडचाच विद्यार्थी टोबी डेलब्रुक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ साली १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा सेन्सर प्रसिद्ध केला. त्यातला ठिपका स्वतःवरचा उजेड बदलला तरच बोलतो, आणि तेही काही मायक्रोसेकंदांत. बाकी वेळ गप्प. २०१६ पासून या क्षेत्रात माहोवाल्डच्या नावाने पुरस्कारही देतात.

अशा सेन्सरचा एक व्हिडिओ मी पाहिला. माणूस चालत येतो तेव्हा त्याच्या कडा लखलखतात. मग तो थांबतो आणि पडद्यावरून नाहीसा होतो. उभा तिथेच असतो, फक्त हलत नसतो. थोड्या वेळाने त्याने हात वर केला, तेव्हा नुसता हात दिसला.