फ्लॉपीचं घराणं

डॉकरवर अल्पाइन लिनक्सची इमेज पहिल्यांदा उतरवून घेतली, की आकड्याबद्दलच शंका येते. जेमतेम काही एमबी? मोबाइलमधला एखादा फोटोही याहून मोठा निघतो. पण ही काटकसर कंटेनरसाठी केलेली नाही. ती वारशाने आली आहे, आणि घराणं आहे फ्लॉपीचं.

1990च्या दशकात जुन्या पीसीचा राउटर करू पाहणाऱ्यांसाठी ‘लिनक्स राउटर प्रोजेक्ट’ होता. सगळा कारभार 1.44 एमबीच्या एका फ्लॉपीत बसवायचा आणि मशीन सुरू होताना रॅममध्ये उलगडायचा; हार्ड डिस्क नसली तरी चाले. त्यातूनच पुढे ‘लीफ’ निघाला. नतानाएल कोपा यांना त्यात स्क्विड, सांबा असे जड प्रोग्राम हवे होते. लीफवाले फ्लॉपीचा हट्ट सोडेनात, तेव्हा 2005च्या सुमारास कोपा यांनी अल्पाइनची वेगळी चूल मांडली. गंमत बघा, आज बारीकपणासाठी नावाजलेली ही डिस्ट्रो ‘एवढ्याशा जागेत आमचं भागत नाही’ या तक्रारीतून जन्मली.

घराण्यातला दुसरा ऐवज बिझीबॉक्स. ब्रूस पेरेन्स यांनी तो डेबियनच्या इन्स्टॉलेशन फ्लॉपीसाठी लिहिला. हा पक्का बहुरूपी. एलएस, सीपी, ग्रेप अशा कमांडची नावं निरनिराळी दिसतात, पण मागे फाइल एकच. ज्या नावाने हाक माराल ते सोंग ती घेते. 2014मध्ये अल्पाइनमध्ये सी लायब्ररी म्हणून रिच फेल्कर यांची मसल आली.

त्याआधी वर्षभर डॉकर अवतरलं होतं. ‘कंटेनरमध्ये लिनक्स चालवणं’ हे बोलणं तसं फसवं आहे. कर्नल यजमान मशीनचाच असतो. आपण नेतो तो बाकीचा संसार. उबंटूचा संसार तेव्हा शंभर एमबीच्या पुढे जाई. सर्व्हरमागून सर्व्हरवर तेच बोचकं वाहण्यापेक्षा लोकांना अल्पाइनची पिशवी आवडली. डॉकर कंपनीने तर कोपा यांनाच कामावर घेतलं.

मसलची किंमत मात्र मोजावी लागते. ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीसाठी कंपाइल करून ठेवलेली पायथनची पॅकेजं इथे चालत नाहीत. मग पायथनचा इन्स्टॉलर पिप मूळ कोडवरून ती बांधायला बसतो. जागा वाचवायला निघून जीसीसी कंपायलरसकट सगळा गोतावळा इमेजमध्ये आणून बसवण्याचा पराक्रम मीही केला आहे. 2021मध्ये मसलसाठीच्या तयार पायथन पॅकेजांचं वेगळं मानक ठरल्यावर हा ताप बराच उतरला. तरी पायथनचं काम असलं, की मी डेबियनची ‘स्लिम’ इमेजच घेतो.