वितळलेले सोने

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी आमच्या दिवेआगरच्या एका वाडीत तांब्याची पेटी सापडली. आत सोन्याचा गणेश! गावाचे भाग्य उजळले. पण २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना ठार करून तो मुखवटा पळविला. पोलिसांनी चोर धरले, सोनेही हस्तगत केले. मात्र ते वितळलेले होते. २०१७ साली दोषींना शिक्षा झाल्या, आणि २०२१ साली परत मिळालेल्या सोन्याचा नवा मुखवटा मंदिरात बसला.

तपासाचे श्रेय पोलिसांना द्यावेच. परंतु वाचकहो, सोने पुन्हा घडविता येते, माणसे नाही. चोर सापडला की अधिकाऱ्याचा सत्कार होतो. चोरी मुळात झालीच कशी, हा जाब त्या सभेत कोण विचारतो? गावाचा विश्वास मात्र त्याच उत्तरावर उभा असतो.