आठाला त्रेचाळीस

गाडीच्या ताकदीबद्दल बोलताना आपण इंजिनावरच थांबतो. किती सीसी, किती बीएचपी, शून्य ते शंभर किती सेकंदांत. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही ताकद चाकापर्यंत पोचण्याआधी तिला एक शेवटचा नाका ओलांडावा लागतो. सिग्नलला ट्रकच्या मागे थांबलात तर त्याच्या एक्सलच्या मध्यावर एक गोल फुगवटा दिसेल, तोच हा नाका. आत डिफरन्शियल असतं आणि त्याला फिरवणारी दोन गिअरची जोडी. लहान तो पिनियन, मोठा तो क्राउन. गॅरेजच्या भाषेत क्राउन-पिनियन.

क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते, एवढंच गणित. क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असतील तर गुणोत्तर ५.३८. म्हणजे पिनियनचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. हा आकडा मोठा असेल तर गाडी ओढायला जोरकस, पण वेगात इंजिन ओरडत राहतं. लहान असेल तर हायवेला निवांत, पण चढाला धापा टाकते. परदेशात स्पोर्ट्स कारचे शौकीन घरच्या गॅरेजात ही जोडी बदलतात ती यासाठीच. इंजिनाला हात न लावता गाडीचा स्वभाव बदलतो.

म्हणून मला हा आकडा तांत्रिक तपशील वाटत नाही. ही गाडी कशासाठी आहे, याचा तो निर्णय असतो. तो निर्णय कुणी घ्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे गेली पंच्याहत्तर वर्षं जागा बदलत आला आहे.

आधी डिफरन्शियल लागतं कशाला ते बघू. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. जीपने एक पूर्ण गोल चक्कर मारली तर हा फरक साधारण पावणेआठ मीटर भरतो, चक्कर लहान असो की मोठी. बैलगाडीला ही अडचण नव्हती. ओढायचं काम बैलांचं, चाकं कण्यावर आपापली मोकळी फिरणार. चाकांनाच ताकद द्यायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचं उत्तर शोधलं : दोन्ही चाकांना ताकद द्यायची, पण वेग आपापला ठेवू द्यायचा. पुढे १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने हायपॉइड गिअर आणले. त्यात पिनियन क्राउनच्या मध्याखाली बसतो, त्यामुळे लांब प्रॉपेलर शाफ्ट खाली येतो आणि गाडीही जमिनीलगत बसवता येते.

आता आपल्याकडच्या गाडीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं गुणोत्तर होतं ४.८८, म्हणजे ३९ ला ८. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीने तीच जीप शेतकऱ्यांना विकायला काढली. नांगर ओढ, मळणीयंत्र फिरव, अशी तिची जाहिरात होती. या सीजे-टूए जीपमध्ये गुणोत्तर झालं ५.३८. इंजिन घराण्यातलंच, चेहराही ओळखीचा. पण सैनिकाची गाडी शेतकऱ्याची झाली होती, आणि त्या बदलाचा मोठा भाग मागच्या फुगवट्यात लपलेला होता.

महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या. त्यांच्यासोबत तो ५.३८ आला आणि सीजे-थ्रीबीच्या घराण्यातून कित्येक वर्षं इथे राहिला. ओहायोच्या शेतकऱ्यासाठी घेतलेला निर्णय आपल्या तहसीलदारांनी, फौजदारांनी आणि साखर कारखान्यांच्या संचालकांनी चालवला.

अमेरिकेत मात्र गिऱ्हाइकालाही मत होतं. १९६० च्या दशकात शेव्हरोले कॉर्वेट ही स्पोर्ट्स कार घेताना मागच्या एक्सलचं गुणोत्तर यादीतून निवडता येई, ३.०८ पासून ४.५६ पर्यंत. लांबचा प्रवास करणाऱ्याने लहान आकडा घ्यावा, शर्यत लावणाऱ्याने मोठा. त्याच काळात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. यादी होती, पण ती प्रतीक्षेची.

त्या टंचाईची दुसरी बाजूही आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून परदेशी सुटे भाग जोडून गाड्या बनवत होता. १९५३ मध्ये सरकारने धोरण बदललं : नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथेच बनले पाहिजेत. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. जे उरले त्यांना गिअर कापणं, कडक करणं, घासणं इथे शिकावं लागलं. मुंब्र्याच्या भारत गिअर्ससारखे कारखाने पुढे क्राउन-पिनियनच बनवू लागले. आणि नवी गाडी मिळत नाही म्हणून जुनी मरू न देणारे मिस्त्री गावोगाव तयार झाले. गिऱ्हाइकाला जी निवड शोरूममध्ये मिळत नव्हती, ती थोडीफार गॅरेजात मिळू लागली.

ही निवड म्हणजे किती काम, ते मी माणमध्ये पाहिलं. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागूनच हे गाव आहे. तिथे माझ्या मित्राच्या अंगणात त्याच्या आजोबांची जीप उभी असते. आजोबांना ती शेतात हवी होती, नातवाला हायवेवर. म्हणून ५.३८ काढून ४.८८ बसवायचं ठरलं. मागचं एकट्याचं काम नव्हतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलचं गुणोत्तर सारखं नसेल तर फोर-व्हील ड्राइव्ह टाकल्यावर दोन्ही एकमेकांशी भांडतात. म्हणून दोन जोड्या, दोन रविवार आणि त्याच्या वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका.

गाडी घोडीवर चढवली, तेल काढलं, एक्सल शाफ्ट ओढले, प्रॉपेलर शाफ्ट सोडवला. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण केली, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. इथपर्यंत नुसता घाम होता. खरं काम पुढे सुरू झालं.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होतात, म्हणून दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाची बायको दुसऱ्याच्या घरी नांदत नाही, असं काका म्हणाले. पिनियनच्या तोंडावर आणखी एक बारीक आकडा होता, अधिक दोन. आदर्श मापापेक्षा हा नग इंचाच्या किती हजाराव्या भागाने वेगळा आहे, ते बनवणाऱ्याने त्याच्यावरच लिहून ठेवलेलं असतं. त्या हिशेबाने पिनियनमागे शिम घालायच्या, म्हणजे पातळ पोलादी चकत्या. मग क्राउन बसवून दोन्हींच्या दातांमधली मोकळी हालचाल मोजायची. ती पाव मिलिमीटरहूनही कमी हवी, पण शून्य नको.

मोजमाप बरोबर आलं तरी काकांचा विश्वास बसेना. त्यांनी शेंदूर तेलात कालवला. "पोरांनो, हातमोजे घाला, विषारी असतो." क्राउनच्या दातांना लेप लावून गिअर हाताने फिरवले. दोन दात जिथे टेकतात तिथला शेंदूर पुसला जातो आणि एक डाग उमटतो. डाग दाताच्या शेंड्याकडे होता. म्हणजे पिनियन लांब राहिला, शिम वाढवायची. पुन्हा सगळं खोललं. तिसऱ्या खेपेला डाग मध्यावर आला.

आता ८० च्या वेगाला त्या जीपचं इंजिन पूर्वीपेक्षा मिनिटाला साधारण तीनशे फेरे कमी घेतं. काटा मात्र ७३ दाखवतो, कारण तो प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजतो आणि शाफ्टला मागचा निर्णय बदलल्याची खबर नाही. मित्राने डॅशबोर्डवर कागद चिकटवला आहे : दहा टक्के वाढवून वाचा.

अशी गाडी आता नवी मिळणं अवघड. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढच्या चाकांवर चालणारी. पुण्यातल्या टेल्कोने सिएरा आणि सुमो मागच्या चाकांवर चालवल्या, पण १९९८ च्या इंडिकाने पुढची चाकं धरली. क्राउन-पिनियनचं काम गिअरबॉक्सच्या पोटात गेलं. गाड्या हलक्या झाल्या, आतली जागा वाढली, स्वस्त पडल्या. यात रडण्यासारखं काही नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी गेली, तेव्हा हळहळणाऱ्यांतले कितीजण रोज तिच्यात बसायला तयार होते?

पण निर्णयाचं काय झालं, हे विचारायला हवं. तो संपलेला नाही, हिंजवडीत आला आहे. केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीज या वाहनक्षेत्रातल्या कंपन्यांची मुख्यालयं इथेच आहेत. पेडल किती दाबलं तर मोटरने किती जोर द्यायचा, घसरणारं चाक ब्रेकने कधी आवरायचं, हे आज कोडमध्ये ठरतं. इको आणि स्पोर्ट ही बटणं म्हणजे ५.३८ आणि ४.८८ चीच नवी भावंडं. ती बदलायला दोन रविवार लागत नाहीत, बोट पुरतं.

फरक एवढाच, की बटणं किती आणि त्यांच्यामागे काय, हे आम्ही इंजिनिअर ठरवतो. मालकाला तो फुगवटा खोलता येत नाही. त्याला कुलूप घालण्याची कारणं खरी आहेत. ब्रेकच्या कोडमध्ये कुणीही हात घालू नये, असं मलाही वाटतं. पण कुलूप घालणाऱ्याने निदान पिनियन बनवणाऱ्याइतका सरळपणा ठेवावा. आदर्शापासून आपला नग किती हटला आहे, ते त्याने नगावरच कोरून ठेवलं होतं, उघडणाऱ्याला वाचता येईल असं.