आखडलेल्या खांद्याची नोंद

मरणाची मोजदाद राज्यकर्त्यांनी पूर्वीपासून केली. दुखण्याची मोजदाद मात्र फार उशिरा सुरू झाली. आखडलेल्या खांद्याचेच पाहा. हात वर जात नाही, सदऱ्याच्या बाहीत शिरत नाही, रात्री त्या कुशीवर निजवत नाही. पण माणूस काही त्याने मरत नाही. १८७२ साली फ्रान्समधील शल्यविशारद द्युप्ले यांनी या विकाराचे वर्णन केले. १८९३ साली जाक बेर्तियाँ यांनी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय यादी मांडली, ती मृत्यूच्या कारणांची. जीव न घेणाऱ्या दुखण्याला तीत स्थान कोठून असणार? १९३४ साली बोस्टनच्या कॉडमन यांनी त्यास ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव दिले. १९४५ साली नेव्हियासर यांनी सांध्याचे आवरणच जाड होऊन आवळते, असे दाखविले. पुढे १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने यादीच्या सहाव्या आवृत्तीत मृत्यूबरोबर आजारांनाही सामावून घेतले. १९९० साली संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत या विकाराचा संकेतांक ‘एम ७५.०’ असा आहे.

श्रोतेहो, आकडा रुक्ष खरा. परंतु जे दुखणे नोंदवहीत उतरत नाही, त्याच्यासाठी तरतूद तरी कोण करणार? एक अक्षर आणि तीन अंक यांनी मूक वेदनेला दप्तरात वाचा दिली, हे काही थोडे नव्हे.